ग्राफमधली गॅप टाइमआउट वाढवून बुजत नाही

नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतोय: "मॉनिटरिंगच्या ग्राफमध्ये गॅप येतात? टाइमआउट आणि रिट्राय वाढवा, पोलिंग पाचवरून एक मिनिटावर आणा. एसएनएमपी यूडीपीवर चालतं, पॅकेट हरवणारच. गॅप गेली की डेटा भरवशाचा." (पोलिंग म्हणजे ठरावीक वेळाने डिव्हाइसला आकडे विचारणं, टाइमआउट म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, रिट्राय म्हणजे पुन्हा विचारणं; एसएनएमपी ही त्या विचारणेची भाषा, आणि यूडीपी म्हणजे पोच न घेता पॅकेट पाठवायची पद्धत.) कॅक्टायसारखी, हे ग्राफ काढणारी सिस्टीम सांभाळणाऱ्याने हे डोळे झाकून केलं तर दुखणं वाढेल.

यूडीपीत पॅकेट हरवतात, खरं आहे. पण आधी बघा, गॅप एकाच स्विचला आहे की सगळ्यांना एकाच वेळी? सगळ्यांना असेल तर पहिला संशय पोलरवर, म्हणजे सगळ्या डिव्हाइसना विचारत फिरणाऱ्या प्रोग्रामवर घ्या. फेरी ३०० सेकंदांत आटोपते का, हे कॅक्टायच्या लॉगमध्ये दर फेरीला लिहिलेलं असतं. एकालाच असेल तर पोलरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावून एसएनएमपीचं १६१ पोर्ट बघा. उत्तर उशिरा येत असेल तर टाइमआउट वाढवणं रास्त, पण त्या डिव्हाइसपुरतं. येतच नसेल तर अॅक्सेस लिस्ट (कोणाला विचारू द्यायचं त्याची यादी), कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्ड), किंवा राउटरचा सीपीयू वाचवायला लावलेली मर्यादा तपासा.

सरसकट वाढवण्याआधी हिशेब मांडा. टाइमआउट ५ सेकंद, रिट्राय ३, म्हणजे पहिला धरून चार प्रयत्न; पिंगला उत्तर देणारं पण एसएनएमपीवर गप्प असलेलं डिव्हाइस दर विचारणेला २० सेकंद खातं. पोलरच्या एका थ्रेडवर (एकामागून एक विचारणा करणाऱ्या रांगेवर) अशा १५ विचारणा आल्या की ३०० सेकंद संपले, आणि मागे थांबलेल्या धडधाकट डिव्हाइसच्या ग्राफलाही गॅप.

एक मिनिटाचं म्हणाल, तर सेटिंग बदललं म्हणून ग्राफचे आकडे साठवणाऱ्या जुन्या आरआरडी फाइलची ३०० सेकंदांची स्टेप (दोन नोंदींमधलं अंतर) बदलत नाही. डिव्हाइसवर भार पाचपट, ग्राफ तेवढाच ढोबळ.

सगळ्यात घातक त्या सल्ल्यातलं शेवटचं वाक्य: गॅप गेली की डेटा भरवशाचा. पोर्टवरून गेलेला डेटा मोजणारा डिव्हाइसमधला ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइट्स मोजून झाले की पुन्हा शून्यावर येतो. १ जीबीपीएसची लिंक भरून वाहत असेल तर साधारण ३४ सेकंदांत! पाच मिनिटांत आठ वेळा तो शून्यावर येतो आणि आरआरडीटूल (आरआरडी फाइल लिहिणारं टूल) त्यातला फार तर एक वळसा धरतं. रेष अखंड, आकडा साफ खोटा. एक मिनिटाचं पोलिंगही इथे वाचवत नाही. आणि याच आकड्यांवर लिंक वाढवायची की नाही हे ठरतं, हो! उपाय ६४ बिटांचे काउंटर. ते एसएनएमपी व्हर्जन १ मध्ये मिळत नाहीत, २सी किंवा ३ लागतं. १ जीबीपीएस आणि त्यावरच्या सगळ्या पोर्टांचे ग्राफ कोणत्या काउंटरवर बांधलेत, ते आजच उघडून बघा.