‘पळवाट वापरली, गुन्हा नाही केला’: हर्षद मेहताच्या बचावाची तपासणी

ऑक्टोबर २०२० मध्ये १९९२ च्या रोखे घोटाळ्यावरची ‘स्कॅम १९९२’ ही वेब मालिका आली आणि तिच्या मागोमाग एक मजकूर फिरू लागला. शेअर बाजाराच्या ग्रुपांवर तो अजूनही अधूनमधून उगवतो. त्याचा सारांश असा: शेअर दलाल हर्षद मेहताने कायदा मोडला नाही, व्यवस्थेतल्या पळवाटा वापरल्या. बँकांची पै न पै फेडली. मध्यमवर्गाला शेअर बाजार दाखवून श्रीमंत केलं. बाजारावर देखरेख करणारी सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार एनएसई त्याच्यामुळेच आल्या. मोठे मासे सुटले, त्याचा बळी दिला गेला आणि कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही.

मालिका ज्या पुस्तकावर बेतली आहे ते सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं १९९३ चं पुस्तक वाचलेल्या कुणाला हे पटणार नाही. पण पुस्तकात रोख्यांचे हिशेब आहेत आणि मालिकेत पार्श्वसंगीत. लोकांच्या लक्षात काय राहणार, हे उघड आहे.

सगळी मदार ‘पळवाट’ या मुद्द्यावर आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

त्या काळी बँकांना ठेवींच्या ३८.५ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी आणि मान्यताप्राप्त कर्जरोख्यांत ठेवावी लागे. कुणाकडे रोखे जास्त आणि रोकड कमी, कुणाचं उलट. त्यावर तोडगा म्हणजे रेडी फॉरवर्ड. ‘अ’ बँक आज ‘ब’ बँकेला रोखे विकते आणि पंधरा दिवसांनी ठरलेल्या भावाने परत घेते. दोन भावांतला फरक म्हणजे व्याज. दिसायला खरेदी-विक्री, असायला तारणावरचं अल्प मुदतीचं कर्ज. दलालाने दोन बँकांची गाठ घालून द्यायची आणि दलाली घ्यायची, एवढंच त्याचं काम.

रोख्यांचा कागद सहसा हातोहात जात नसे. रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात, म्हणजे सरकारी रोख्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात, प्रत्येक बँकेचं एसजीएल खातं, म्हणजे रोख्यांचं खातं असे, नोंदी हाताने होत आणि त्यांना वेळ लागे. तोवरची सोय म्हणून विकणारी बँक घेणाऱ्या बँकेला बँक रिसीट, म्हणजे बीआर देई. तिचा अर्थ साधा: पैसे मिळाले, रोखे तुमचे, तूर्त ते आमच्याकडे आहेत.

बिघाड तीन ठिकाणी केला गेला. पहिला, दलालाने दोन्ही बँकांच्या मध्ये उभं राहून समोर कोण आहे हे झाकलं. दुसरा, चेक ‘अ’ बँकेच्या नावाने निघाला, पण ‘अ’ बँकेने तो दलालाच्या चालू खात्यात जमा केला. तिसरा, रोखे पोहोचलेच नाहीत, किंवा हातात रोखे नसताना बीआर फाडली गेली. आता यातली पळवाट कुठली? नियम जिथे गप्प असतो तिथून निघालेली वाट म्हणजे पळवाट. हातात नसलेले रोखे ‘आहेत’ असं सही करून लिहिणं म्हणजे खोटा कागद. नियमही काही झोपलेले नव्हते. बीआर आणि एसजीएलच्या वापराबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै १९९१ मध्येच परिपत्रक काढून बँकांना तंबी दिली होती. ती पाळली गेली नाही, हा बँकांचा दोष, आणि तो मोठा आहे. पण पहारेकरी झोपला म्हणून चोरीचं नाव बदलत नाही.

स्टेट बँकेचंच पाहा. ११.५ टक्के व्याजाचे, २०१० मध्ये मुदत संपणारे केंद्र सरकारचे रोखे तिच्या वहीत १,७४४.९५ कोटींचे दिसत होते. पब्लिक डेट ऑफिसात होते १,१७०.९५ कोटींचे. एकाच रोख्यात ५७४ कोटींचं भगदाड, आणि हा व्यवहार मेहतामार्फत झालेला. २३ एप्रिल १९९२ ला स्टेट बँकेच्या तुटीची बातमी छापून आली, तिच्या मुळाशी हाच ताळा होता.

आता ‘सगळं फेडलं’. एप्रिल १९९२ मध्ये मेहताने स्टेट बँकेला ६०० कोटींहून अधिक रक्कम खरोखरच भरली, म्हणून त्या फिरत्या मजकुरातला हा भाग लोकांना खरा वाटतो. ती रक्कम आली कुठून? मोठा हिस्सा आला नॅशनल हाउसिंग बँकेकडून, जी तेव्हा संपूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होती. तिचे चेक बँकांच्या नावे निघाले आणि मेहताच्या कामी आले. एका बँकेचं भोक दुसरीच्या पैशाने बुजवलं गेलं. असे चेक ग्राइंडलेज बँकेतही मेहताच्या खात्यात जमा झाले आणि त्यावरून नॅशनल हाउसिंग आणि ग्राइंडलेज या दोन बँकांमध्ये पुढे बरीच वर्षं भांडण चाललं.

पुढे वसुली झाली, पण ती कस्टोडियनने, म्हणजे जप्त मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने केली. १९९२ च्या विशेष न्यायालय कायद्याखाली मालमत्ता जप्त झाली, आणि वाटपाचा क्रम कायद्यानेच ठरला: आधी सरकारी कर, मग बँका, मग बाकीचे. जप्त शेअरांचे भाव त्यानंतरच्या वर्षांत चढले, म्हणून देणी भागवायला रक्कम उभी राहिली. याला ‘फेडलं’ म्हणायचं असेल तर म्हणा.

मध्यमवर्ग श्रीमंत झाला का? तारखा बघा. सेन्सेक्सने १,००० ची पातळी जुलै १९९० मध्ये ओलांडली, २,००० ची जानेवारी १९९२ मध्ये. त्यानंतर अडीच महिन्यांत ४,००० आणि २२ एप्रिलला ४,४६७. नवखा पैसा आला तो या शेवटच्या टप्प्यात, चहाच्या टपरीवरही टिपा मिळू लागल्यावर. २८ एप्रिलला एका दिवसात निर्देशांक १२.७७ टक्के पडला. वर्षभरात तो २,००० च्या आसपास होता. १९९० मध्ये घेऊन मार्चमध्ये विकणारे कमावून गेले, हे मान्य. पण ते ज्यांना विकून गेले, तोही मध्यमवर्गच होता.

भाव चढवायला सांगितलेलं कारण होतं ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’: तेवढ्याच क्षमतेचा नवा कारखाना उभारायला जो खर्च येईल, त्यावर कंपनीची किंमत ठरवा. त्या हिशेबाने एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर नऊ हजारांपलीकडे गेला. यात गोची ही, की जुना कारखाना नफा किती देतो हा प्रश्नच गळून जातो. आणि भाव टिकवायला बँकांतून येणारा पैसा प्रत्येक वळणाला लागत होता. तो आटला, तेव्हा त्या भावाला घेणारा उरला नाही.

सेबीचा मुद्दा लवकर निपटतो. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली आणि ३० जानेवारी १९९२ च्या अध्यादेशाने तिला वैधानिक अधिकार मिळाले, म्हणजे घोटाळ्याची बातमी यायच्या तीन महिने आधी. एनएसईची शिफारस सरकारने नेमलेल्या फेरवानी समितीने १९९१ मध्येच केली होती. घोटाळ्यामुळे सुधारणांना घाई सुटली, इतकंच खरं. आग लावणाऱ्याला अग्निशमन दलाचं श्रेय देण्याचा हा प्रकार आहे.

‘बळीचा बकरा’ या मुद्द्यात मात्र दम आहे. घोटाळ्याच्या तपासासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने मोजलेली रक्कम ४,०२४ कोटींच्या घरात होती आणि ती एकट्या मेहताची नव्हती. परदेशी बँका, त्यांच्या मर्जीतले इतर दलाल, सरकारी कंपन्यांचा बँकांकडे सोपवलेला पैसा, हे सगळं त्यात होतं. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन छोट्या बँकांनी रोख्यांचा पत्ता नसताना बीआर काढल्या, त्या मुख्यतः इतर दलालांसाठी. पुढे बँक ऑफ कराड बुडाली आणि बँक ऑफ इंडियात गेली. ‘स्कॅम’ म्हटलं की एकच चेहरा आठवतो, याचा या बाकीच्यांना फायदाच झाला. पण यातून सिद्ध होतं ते इतकंच, की आरोपी अनेक होते. त्याने कुणाचीच बाजू स्वच्छ होत नाही.

राहिलं कोर्ट. मारुती उद्योगच्या ३८.९७ कोटींच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये मेहताला दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. ३१ डिसेंबर २००१ ला ठाण्यात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो कोठडीत होता. जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातली दोषसिद्धी दोन विरुद्ध एक मताने कायम केली. न्या. एम. बी. शहा यांचं मत वेगळं पडलं. मेहताचा बचाव करायचाच असेल तर ते निकालपत्र उघडावं, फिरत्या मजकुरातल्या ओळींपेक्षा तिथे जास्त दारूगोळा सापडेल.