साडेनऊचा ज्वालामुखी

वहीत पंधरा दिवसांपूर्वी लिहून दिलेलं असतं. आपल्याला कळतं आदल्या रात्री साडेनऊला, तेही दात घासता घासता. "बाबा, उद्या शाळेच्या प्रदर्शनाला ज्वालामुखी न्यायचाय." जसा काही डबाच न्यायचाय! पुण्याचा वह्या-पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक तोवर निजलेला असतो, आणि कोपऱ्यावरचा किराणावाला शटर अर्ध्यावर आणून 'आता हा काय मागतोय' अशा नजरेनं बघत असतो.

त्या अर्ध्या शटरखालून काय मागायचं ते मी सांगतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर. सोड्यावर व्हिनेगरचं आम्ल पडलं की वायू फसफसून निघतो, तोच आपला स्फोट. नुसतं 'सोडा' म्हणालात तर धुण्याचा सोडा हातात पडतो. तोही आम्लात फसफसतो, पण डोळ्यांना आणि हातांना वाईट झोंबतो. पोरांच्या हाती नकोच. बेकिंग पावडरही नको. तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात, म्हणजे पैसे पूर्ण आणि स्फोट अर्धा.

खरा घोळ होतो प्रमाणात. व्हिनेगरच्या बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल, तर १०० मिलीत साधारण ४ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असतं. त्याला सोडा लागतो ५.६ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा आणि वर चिमूटभर. एवढ्यातून दीड लिटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. अडीचशे मिलीच्या बाटलीला तो भरपूर होतो. पण घरातला कर्ता माणूस 'जास्त उडेल' म्हणून चार चमचे सोडा लोटतो. तीन तळाशी तसेच बसून राहतात, कारण आम्ल संपलेलं असतं. पाहुणे चारच असतील तर सोळा पानं मांडून पंगत मोठी होत नाही. आणि बाटलीला गंमत म्हणूनही बूच लावू नका. दीड लिटर वायू दीडशे मिली जागेत कोंडला की होतो तो स्फोट वेगळा.

वायू नुसता निघून उपयोग नाही. फस्सकन येतो, भस्सकन जातो, लाव्हा दिसतच नाही. म्हणून व्हिनेगरमध्ये भांड्यांचा लिक्विड साबण एक चमचा घालायचा. तो बुडबुडे धरून ठेवतो आणि फेस गळ्याशी येऊन आळसावल्यासारखा बाहेर सांडतो. सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून आत टाकला की कागद भिजेपर्यंत दोनतीन सेकंद मिळतात. हात मागे घ्यायला तेवढे पुरतात.

रंगासाठी कुणीतरी हळद सुचवतंच. सोड्यात हळद कालवली की झकास तांबडी होते, पोरगं खूश. मग आम्ल पडतं, हळद पुन्हा पिवळी होते आणि डोंगरातून वरण यायला लागतं. हळद हा आम्ल-अल्कलीचा उत्तम दर्शक आहे, हे कळायची ती वेळ नव्हे. खाण्याचा लाल रंग घ्या. फरशीवरचा डाग दिवाळीपर्यंत टिकेल, पण लाव्हा लाल राहील. आणखी एक गंमत: ही अभिक्रिया उष्णता शोषते. खरा बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा, आपल्या लाव्ह्याला हात लावला तर तो गार लागतो!

डोंगर करायला पुणेकरांना शिकवावं लागत नाही. गोणपाट, विटा, वर माती, म्हणजे दिवाळीतला किल्लाच. फक्त मावळे काढून घ्यायचे. पण काळी माती वापरू नका. तिच्यातली खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात, त्यामुळे सकाळी डोंगराच्या जागी दुष्काळातलं तळं दिसतं. लाल माती किंवा शाडू घ्या, त्यात चिरलेला काथ्या मिसळा आणि पंख्याखाली वाळवू नका. प्लास्टर ऑफ पॅरिस दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं हे खरं, पण उरलेलं बेसिनमध्ये ओतलंत तर ते तिथेही घट्ट होतं. नळकामवाला त्या रात्री येत नाही.

प्रदर्शनात एकदा उडवून भागत नाही, हे आपण विसरतो. परीक्षक, मुख्याध्यापिका, पाचवी ब अख्खी... वीस वेळा म्हणजे दोन लिटर व्हिनेगर, आणि तेवढाच वास रिक्षात. त्यापेक्षा सायट्रिक आम्ल, किराण्यातलं लिंबूसत्त्व, घ्यावं. वजनानं ३ भाग ते आणि ४ भाग सोडा. वीस फेऱ्यांना एकूण २०० ग्रॅम पुरतं. कोरड्या पुडीत दोघं शेजारी गुमान बसतात, पाणी पडलं की भांडतात. झटपट ढोकळा फुगतो तो याच भांडणावर. फक्त दमट हवेत पुडी उघडी ठेवू नका, नाहीतर रिक्षातच सुरुवात होते.

आता माझी खरी तक्रार. पुण्यात बसून आपण हा टोकदार डोंगर करतो कशाला? तसा शंकू बघायला अंदमानच्या बॅरन बेटावर जावं. आपल्या पायाखालचा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. लाव्ह्याला घट्टपणा देते ती सिलिका त्यात कमी, ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो पातळ; ढीग न होता पसरत गेला. थरावर थर बसले, आणि उरलंय तेच आज ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सिंहगडाच्या अंगावरच्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय, सापळ्यावरून नव्हे. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं कोरलंय तेही याच दगडात. त्या लाव्ह्यातले बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले, त्यांत पुढे झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे पोचलेत.

म्हणून एक सपाट ट्रे घ्या. मातीचा दोन बोटं जाड थर द्या, मधोमध पट्टीनं सरळ चर पाडा आणि त्याला प्लास्टिकचा कागद लावा. चरात साबणाचे थेंब आणि लिंबूसत्त्व-सोड्याची पूड, वरून रंगीत पाणी. फेस दोन्ही काठांवरून सारखा पसरतो. हे पुण्याचं खरं मॉडेल, आणि वीस मिनिटांत होतं.

परीक्षक विचारणार, "डोंगर कुठाय?" पोरानं खिडकीतून बाहेर बोट दाखवायचं. मग परीक्षक मान डोलावतात, कागदावर काहीतरी लिहितात, आणि पहिला नंबर शेजारच्या सिरिंजवर चालणाऱ्या जेसीबीला देतात.