‘एक श्वानप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पिल्लू स्वतःची शी खातं त्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक श्वानप्रेमी’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: “ताई, लेख वाचून हसू आलं. आमच्या गावाकडे नाक त्यात घासून दोन रट्टे दिले की आठ दिवसांत सवय सुटायची. कुत्रा पाळायचा की डोक्यावर बसवायचा ते आधी ठरवा. अननसाचा साधा उपाय तुम्हाला माहीतही नाही. जंताच्या औषधाचं वेळापत्रक चुकीचं दिलंय. आणि नोकरी करणाऱ्यांनी दिवसभर शीच्या मागे धावायचं का?”

आधी त्या ‘ताई’बद्दल. ताई म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच वाक्यात हसायचं, ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे. हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. पण मी तो लेख तीन रात्री जागून लिहिला, आणि तोही ज्यांचं पिल्लू घरात येऊन आठवडाच झालाय, जी माणसं किळस आणि काळजी यांच्या मधे अडकली आहेत त्यांच्यासाठी. त्यांना हसू येत नव्हतं. अशा बायकांचे मला मेसेज येतात, की पाहुण्यांसमोर पिल्लाने तोंड चाटलं आणि आता सासूबाई त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीही येऊ देत नाहीत.

एक गोष्ट मान्य. जंताच्या औषधाचं तुमचं बरोबर आहे. मी सरसकट ‘महिन्यातून एकदा’ लिहिलं. पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत ते दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, महिन्यातून एकदा त्यानंतर, सहा महिन्यांचं होईपर्यंत. घाईत चुकलं. हे दोन ओळींत, नीट शब्दांत सांगता आलं असतं, एवढंच.

आता ते रट्टे. पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही हे सांगितलं असतंत तर मी मान डोलावली असती, कारण मी स्वतः तेच केलंय. आमचा कुत्रा बंड्या तेव्हा दोन महिन्यांचा होता. आम्ही भाड्याच्या घरात, घरमालक खालीच राहणारे, त्यामुळे फरशीवर काही दिसलं की माझा जीव वर-खाली. गुंडाळलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन मी त्याचं नाक शीजवळ नेलं, एक फटका दिला, आणि ‘नाही म्हणजे नाही’ असं दरडावलं. चार-पाच वेळा झालं असेल. त्यानंतर फरशीवर शी दिसेनाशी झाली. मी आईला फोन करून सांगितलं, शिकला गं.

काय शिकला होता ते आठवड्याने कळलं. खाली नेलं की तो चाळीस-चाळीस मिनिटं नुसता हुंगत फिरायचा, माझ्यासमोर बसायचाच नाही. वर आलो, मी पट्टा काढून हात धुवायला वळले, की हा सोफ्याच्या मागे. एकदा मी सोफा ओढला. फरशीवर एक ओलसर डाग होता, बाकी काही नाही, आणि बंड्या माझ्याकडे बघत न चावता गिळत होता. कान मागे, शेपूट पोटाखाली. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी आहाराबद्दल विचारायच्या आधी विचारलं, “मारता का?” तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

पिल्लाला ‘इथे नको, तिथे कर’ हे मारातून कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की ही बाई आणि ही शी एका खोलीत आल्या की मार बसतो. मग तो दोघींपैकी एकीला नाहीशी करतो. तुमच्या गावाकडे आठ दिवसांत सवय सुटायची म्हणता, ती सुटायची की दिसेनाशी व्हायची हे कुणी बघितलं होतं? कुत्री दिवसभर मोकळी, रानात, उकिरड्यावर. तिथे कोण मागे जाऊन बघणार. माझंही आजोळ साताऱ्याकडचं आहे, गाव मला पुस्तकातून माहीत नाही.

आणि हा गुन्हा आहे असं तुम्ही धरूनच चालता. कुत्री पिल्लांना चाटून शी करायला लावते आणि पहिले काही आठवडे ती शी स्वतः खाऊन जागा साफ ठेवते. जग तोंडाने चाखून बघायच्या वयात पिल्लानेही तेच केलं तर त्यात बंडखोरी कसली? पोटात जंत असतील, अन्न पचत नसेल, पोट भरत नसेल तर वेगळं, म्हणून नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा असं मी लिहिलंच होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचला नसावा.

अननस. मला माहीत आहे. भोपळा, पपई आणि बाजारातल्या गोळ्याही माहीत आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2018 साली कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 16 टक्के कुत्री वारंवार शी खाताना दिसली होती, आणि त्यावर विकल्या जाणाऱ्या 11 उत्पादनांचं यश 0 ते 2 टक्के निघालं. त्याच अभ्यासात, कुत्रा बाहेर जायला सहज शिकला की कष्टाने, याचा या सवयीशी संबंध दिसला नाही, हे तुम्ही शोधून काढायच्या आधी मीच सांगते. माझा मुद्दा शिकण्याचा नाही, माराचा आहे. तुमच्या कुत्र्याने अननस खाल्ल्यावर थांबवलं असेल तर आनंद आहे. पिल्लं मोठी होतात तशी बरीचशी आपोआपही थांबतात.

नोकरीचं म्हणाल तर मीही नोकरी केली आहे. ज्याला करायचं तो मार्ग काढतो. असो.

आता घरात चिंगी आहे, अकरा आठवड्यांची. तिला खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत पट्टा लावून त्याच कोपऱ्यात नेते. उरकलं की ती वळायच्या आत तिच्या नाकासमोर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा धरते. तुकड्यामागे ती चार पावलं येते, तेवढ्यात मी दुसऱ्या हाताने कागदात गोळा करते. काल पहिल्यांदा ती मी न बोलावता शी तिथेच सोडून माझ्याकडे पळत आली आणि हात हुंगू लागली. हातात तुकडा नव्हता, घरी विसरले होते. तिने एकदा मागे वळून बघितलं, एकदा माझ्याकडे. मी धावत जाऊन शी उचलली. सोसायटीतले एक काका बघत होते, त्यांनाही हसू आलं.

यापुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहिलीत तर प्रसिद्ध करीन.

ता.क. जंताच्या औषधाची ओळ मूळ लेखात दुरुस्त केली आहे.