नकार द्या, पण कारण सांगा

'जोडणी होऊ शकली नाही' एवढेच सांगून थांबणाऱ्या प्रत्येक यंत्राचा, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा आणि प्रत्येक ग्राहक सेवा केंद्राचा मला आता मनापासून संताप येतो. जोडणी झालेली नाही हे मला डोळ्यांनी दिसतेच आहे. ती कोणी अडवली आणि कोणत्या नियमाखाली अडवली, हे सांगायला मात्र कोणीही तयार नाही. संगणकाचे जाळे समजून घ्यायला कठीण असते हे मला मान्य आहे. माझा राग त्या काठिण्यावर नाही, तो या मुकेपणावर आहे.

आधी काम काय होते ते सांगतो. निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या खेळयंत्रावरच्या पोकेमॉन खेळांत, २००६ सालच्या डायमंड आणि पर्लपासून, ग्लोबल ट्रेड स्टेशन नावाची सोय होती. आपला पोकेमॉन, म्हणजे खेळातला काल्पनिक प्राणी, तेथे ठेवायचा, बदल्यात कोणता हवा ते नोंदवायचे आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या अनोळखी खेळाडूशी अदलाबदल करायची. ही सोय ज्या सेवेवर अवलंबून होती, ती २० मे २०१४ रोजी बंद झाली. खेळ मात्र संपले नाहीत, आणि ज्यांचा त्यांवर जीव होता त्यांनी स्वतःच सर्व्हर लिहायला घेतले. असाच एक सर्व्हर मी घरच्या संगणकावर चालवतो. त्याची रचना सरळ आहे. डीएसच्या वाय-फाय सेटिंगमध्ये डीएनएसच्या, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी माझ्या संगणकाचा पत्ता लिहायचा. यंत्र जुन्या सर्व्हरचे नाव विचारते, माझा प्रोग्राम उत्तरादाखल स्वतःचाच पत्ता देतो आणि पुढचे सारे बोलणे माझ्या संगणकाशी होते. नावाची चौकशी पोर्ट ५३ वर (पोर्ट म्हणजे संगणकावरच्या निरनिराळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारे), सुरुवातीचे लॉगिन पोर्ट ४४३ वर आणि प्रत्यक्ष अदलाबदल पोर्ट ८० वर. साठवणीच्या पेटीतला एक पोकेमॉन १३६ बाइट्समध्ये मावतो. या १३६ बाइट्ससाठी मी जे सोसले, त्यातले बहुतेक सर्व टाळता येण्यासारखे होते.

जेथे यंत्रणा बोलली तेथे माझा वेळ गेला नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. माझ्या लिनक्स संगणकावर सर्व्हर सुरूच होईना, पण त्याने स्पष्ट सांगितले की पोर्ट ५३ आधीच कोणीतरी वापरत आहे. कोण ते पाहिले, तर सिस्टिमचीच नावे शोधून देणारी सेवा १२७.०.०.५३ या पत्त्यावर तोच पोर्ट धरून बसली होती. मी सर्व्हरला सगळे पत्ते मागण्याऐवजी घरच्या जाळ्यातला एकच पत्ता नेमून दिला आणि प्रश्न मिटला. लॉगिनचेही तसेच झाले. डीएस हे यंत्र संवाद गुप्त ठेवण्यासाठी एसएसएल ३ आणि आरसी४ या जुन्या पद्धतीच वापरते. त्या दोन्ही २०१५ साली अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या आणि आजच्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रामांत वापरायचे तयार कोड, त्यांना दारातच थांबवतात. ते योग्यच आहे. पण थांबवताना लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एक ओळ उमटली की समोरच्याची आवृत्ती आम्हाला चालत नाही, आणि त्या एका ओळीवरून मला कळले की या कामापुरती जुनी लायब्ररी वेगळी बांधून घ्यावी लागेल. नकार असा द्यायचा असतो.

आता राउटरकडे वळतो. डीएसचे जुने खेळ वाय-फायवर डब्ल्यूईपी ही जुनी कुलूपपद्धत तरी मागतात, नाही तर कुलूप नसलेले जाळे. डब्ल्यूईपी कसे फोडता येते हे २००१ सालीच प्रसिद्ध झाले होते, म्हणून नव्या राउटरांतून ते काढून टाकले गेले याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. संपूर्ण घराचे जाळे उघडे टाकण्यापेक्षा, अदलाबदलीपुरते एक वेगळे पाहुण्यांचे जाळे उघडावे आणि काम झाले की बंद करावे, हा विचार मी केला आणि तो आजही मला योग्य वाटतो. यंत्र त्या जाळ्याला जोडले गेले, त्याला पत्ता मिळाला, आणि तेथून पुढे शांतता. पडद्यावर पाच अंकी क्रमांक, सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही ओळ नाही. जाळ्यावरची वाहतूक दाखवणारा वायरशार्क हा प्रोग्राम लावून पाहिले, तर डीएनएसची चौकशी करणारे माहितीचे एकही पॅकेट माझ्या संगणकापर्यंत पोहोचत नव्हते. यंत्र म्हणत होते की मी पाठवले, संगणक म्हणत होता की मला मिळाले नाही, आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला राउटर आपल्या नोंदवहीत चकार शब्द लिहायला तयार नव्हता.

कारण असे निघाले की पाहुण्यांच्या जाळ्यावरच्या यंत्रांनी घरातल्या इतर यंत्रांशी बोलू नये, अशी तरतूद या राउटरमध्ये मुळातच चालू असते. तरतूद शहाणपणाची आहे. पण ती चालू असल्याचा उल्लेख पाहुण्यांचे जाळे सुरू करण्याच्या पानावर नाही. ती 'प्रगत' नावाच्या कप्प्यात, 'सुरक्षित अनुभव' अशा काहीही न सांगणाऱ्या नावाखाली दडवलेली आहे, आणि तिने माझी शेकडो पॅकेटे फेकून दिली तरी त्यांपैकी एकाचीही नोंद ठेवली नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी नकाराची सोय केली नव्हती असे मुळीच नाही. टीसीपी या जोडणीच्या नियमांत जोडणी नाकारल्याचे कळवणारा रीसेट आहे. अडचणी कळवण्यासाठीच्या आयसीएमपी या नियमांत तर 'प्रशासकीय मनाई आहे' असे कळवण्यासाठी तिसऱ्या प्रकारातला तेरावा संकेत खास राखून ठेवलेला आहे. बाहेरून कोणी दारे चाचपत फिरत असेल तर त्याला उत्तर न देण्यात अर्थ आहे, हे मी जाणतो. पण माझ्याच घरातल्या माझ्याच दोन यंत्रांमधला संवाद अडवताना, निदान ज्या पानावर मी मालक म्हणून लॉगिन करतो तेथे तरी त्याची एक ओळ लिहायला काय हरकत होती? ती ओळ लिहायला राउटर बनवणाऱ्याला काही खर्च आला नसता. ती नसल्याचा खर्च मात्र माझ्यासारख्या प्रत्येकाच्या माथी मारला जातो.

याच काळात मिळालेल्या सल्ल्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. फायरवॉल बंद करा. संगणक डीएमझेडमध्ये टाका. सर्व जाळ्याचा पासवर्ड काढून टाका. काहीच जमले नाही तर राउटर बंद करून चालू करा. यांतला एकही सल्ला देणाऱ्याने आधी विचारले नाही की पॅकेट कोठपर्यंत पोहोचते आहे. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक विनंती थेट एकाच संगणकावर सोडणे. दोन खोल्यांमधल्या अदलाबदलीसाठी हे सुचवणारा माणूस मदत करत नाही, तो समोरच्याचे घर उघडे टाकतो आणि निघून जातो.

आणि हे सगळे घरातल्या घरात. दुसऱ्या गावी राहणाऱ्या मित्राला या सर्व्हरशी जोडायचे ठरवले तेव्हा तर कहर झाला. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून आलेले पॅकेट घरातल्या ठरावीक संगणकाकडे पाठवण्याचे, नियम लिहिले. डीएनएस सर्व्हर उघडा ठेवला की त्याचा वापर इतरांवर हल्ले चढवण्यासाठी होऊ शकतो, म्हणून तो खेळाला लागणाऱ्या मोजक्या नावांपलीकडे काहीही सांगणार नाही अशी व्यवस्था केली. प्रत्येक नियमापुढे हिरवा ठिपका आणि 'सक्रिय' असा शब्द उमटला. मित्राकडून मात्र काहीही येईना. शेवटी राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. हा पट्टा २०१२ साली सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला आहे. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटला होता, आणि मी माझ्या राउटरमध्ये काहीही लिहिले तरी बाहेरून आलेले पॅकेट तेथपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. पत्ते कमी आहेत हे मला ठाऊक आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. वाटून घ्या, पण वाटून घेतले आहे हे सांगा! जोडणी देताना सांगितले नाही, करारात लिहिले नाही, आणि ज्या राउटरवर कंपनीचेच नाव छापलेले आहे तो कधीही फळ न देणाऱ्या नियमापुढे 'सक्रिय' असे लिहितो. याला मी सोय म्हणत नाही, ही दिशाभूल आहे.

ग्राहक सेवेला फोन केला तर पहिला प्रश्न असा की संकेतस्थळे उघडत आहेत का. उघडत आहेत म्हटल्यावर त्यांच्या लेखी प्रश्नच उरला नाही. मला बाहेर जाता येते, पण बाहेरून माझ्यापर्यंत कोणाला येता येत नाही, हे वाक्य मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितले. पलीकडच्या व्यक्तीच्या यादीत ते वाक्यच नव्हते. त्या व्यक्तीवर माझा राग नाही, तिच्या हाती जी यादी दिली तिच्यावर आहे. सार्वजनिक पत्ता मिळेल का, मिळणार नसेल तर तसे लेखी कळवा, एवढीच माझी मागणी होती. उत्तर आले ते असे : 'आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निराकरण करण्यात आले आहे.' पत्ता आजही १०० नेच सुरू होतो. तीच तक्रार मी पुन्हा नोंदवली आहे, आणि या वेळी पहिल्याच ओळीत तो पत्ता लिहून खाली विचारले आहे की नेमके कशाचे निराकरण झाले, ते कळवावे.