मागे बाभळ, पुढे पाणी

स्कॉटलंडात स्पे नावाची नदी आहे. तिच्या काठाला झाडं नि चढ इतके, की गळाची दोरी मागे फेकायला जागाच मिळत नाही. म्हणून तिथल्या सॅमन धरणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात दोरी पूर्ण मागे न नेता पुढे फेकायची युक्ती काढली. त्यांच्या काठ्या लांबलचक, दोन्ही हातांनी पेलायच्या. हल्ली तीच युक्ती नऊ फुटी साध्या काठीवर एका हाताने करतात. आमच्या लातूरकडच्या साठवण तलावाला वेड्या बाभळींनी असा काही वेढा घातलाय, की ही विद्या खरं तर इथंच जन्मायला हवी होती. पण तिला पाणीही लागतं. २०१६ साली आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा घागरींच्या रांगेत गळाची काठी घेऊन उभं राहायची कुणाची छाती होती?

यंदा तलाव भरला आणि मी उतरलो.

या मासेमारीला फ्लाय फिशिंग म्हणतात. त्यातली माशी म्हणजे पिसं नि दोरा गुंडाळलेला गळ. तिला वजन जवळजवळ नसतंच, वजन दोरीला. साध्या फेकीत दोरी पुढे जेवढी जायची तेवढीच आधी मागे उलगडावी लागते, आणि मागे बाभळ. स्पे नदीवरच्या त्या युक्तीत दोरी सावकाश उचलायची, बाजूनं झुलवत आणायची, तिचं टोक आपल्या शेजारी पाण्यावर टेकवायचं. हा अँकर. मधला भाग खांद्यामागे इंग्रजी डी अक्षरासारखा फुगतो. तो फुगला की काठी पुढे मारायची आणि एकदम थांबवायची. दुसऱ्या हातानं त्याच क्षणी दोरीला हिसका द्यायचा.

मोबाइलमधला गोरा मास्तर हे सगळं गप्पा मारत करतो. माझा अँकर मात्र एक तर टेकतच नाही, मग दोरी आसुडासारखी कडाडते आणि बांधावरची म्हैस उठून उभी राहते. नाही तर निम्मी दोरी पाण्यात बसते आणि पाणी तिला सोडत नाही. त्यात वारा. तो उजवीकडून आला की अँकर डाव्या बाजूला घ्यायचा, नाही तर माशी थेट कानावर. हे कळल्यावर मी गळ कापून टाकला, त्या जागी बायकोच्या विणकामातली लाल लोकर बांधली आणि डोळ्यांवर गॉगल चढवला. सरावाची ही रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे, पण बांधावर शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या मामांना ते कोण सांगणार?

"काय करायलाव सर?"

"मासे धरायची प्रॅक्टिस."

"गळ कुठाय?"

"कापला."

"मग आमिष?"

"लोकर."

मामांनी शेळ्या जरा लांब हाकलल्या. "घरी समदं बरं हाय ना?"

बरं, माशांचाही फार भरवसा नाही. तलावात सोडलाय कटला, आणि तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा प्राणी. पिसांच्या माशीत त्याला काय गोडी? आशा काय ती तिलापियावर.

एका संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मोटारसायकलवरून आले. तलावाचा ठेका त्यांचा. मला पाहिल्या पाहिल्या त्यांचा चेहरा तापला होता, पण मग ते दगडावर बसून बघत राहिले. डावीकडून फेक, उजवीकडून फेक, एक माझ्याच पाठीवर. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

मीच म्हणालो, "परवानगीची पावती फाडायची का?"

"छे, छे, पावती कशाला! तुमच्यापासून मालाला काय धोका नाही." ते उठले, गाडीला किक मारली, मग पुन्हा बंद केली. "पण रोज येत जावा. आत्ताच माशांची बोटुकली सोडलीय. तुम्ही ही दोरी फिरवायलाव तवर एक पाणकावळा इकडं फिरकंना."