सांगितलं तेवढंच करा की हो!

मासेमारीचे रॉड दुरुस्त करण्याच्या आमच्या धंद्यात एक गोष्ट मोठेपणाची समजली जाते. गिऱ्हाईक टोकाची रिंग, म्हणजे दोरी जिच्यातून जाते ती कडी, बसवायला रॉड देऊन जातं. न्यायला येतं तेव्हा सगळ्या रिंगा रॉडला बांधणारा दोरा नवा, त्यावर इपॉक्सी राळेचा काचेसारखा थर, कॉर्कची मूठ घासून गोरीपान. कारागीर म्हणतो, "हातात घेतलाच होता, म्हटलं सगळंच करून टाकू. त्याचे पैसे नकोत." मग फोटो, मग वाहवा.

मला हे पटत नाही. पैसे लावले तर नाहीच, पण फुकट केलं तरीही नाही.

याच्या पोटात दुखतंय असं कोणी म्हणेल. दुखतंच थोडं, कारण त्यातले काही रॉड पुढे माझ्या पडवीत येऊन पडतात.

गोव्यातल्या घरात जुना रॉड असतो तो बहुतेक वेळा कोणीतरी आणलेला असतो. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी होते, कुठल्याशा बंदरात घेतला. काका आखातात होते, सुट्टीवर येताना घेऊन आले. दोन तुकड्यांचा, जाड फायबरग्लासचा, आजच्या कार्बनच्या मानाने चांगलाच जड. म्हातारा गेला की रॉड माळ्यावर जातो आणि एक दिवस नातू तो खाली काढतो. त्याला मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर जाऊन चोणक मासा धरायचा असतो. रॉड नवा दिसावा ही त्याची मागणी नसतेच. नवा हवा असता तर त्याने विकत घेतला असता, आता काही फार महाग राहिलेले नाहीत.

असाच एक रॉड माझ्याकडे आला, त्याचं सांगतो. मालकाने तो आधी दुसरीकडे दिला होता, फक्त सैल झालेली रील सीट, म्हणजे दोरीची रील बसते ती जागा, घट्ट करायला. मुठीच्या वर, जिथे एकही रिंग नसते त्या मोकळ्या भागावर, लाल दोऱ्याचे दोन आटे बांधलेले होते. त्या कारागिराला वाटलं शोभेचे आहेत, जुनाट झालेत. काढले, खालचा भाग गुळगुळीत केला, पॉलिश मारलं. ते आटे मालकाच्या वडिलांचं माप होतं. रॉडचा बुंधा जमिनीला टेकवायचा, मासा बाजूला धरायचा. खालच्या दोऱ्याला पोचला नाही तर परत पाण्यात. वरच्या दोऱ्याच्या पुढे गेला तर शेजाऱ्याला हाक. मालक मला म्हणाला, "त्याला 'हें कितें केलें' म्हणून विचारायचं होतं, पण त्याने एक पैसा घेतला नाही, मग बोलणार कसं?"

मला खरा राग येतो तो इथे. पैसे घेऊन काम बिघडवलं तर माणूस भांडू तरी शकतो. फुकट केलेल्या कामाने त्याचं तोंडच बंद होतं. ते आटे पुन्हा बांधून द्या म्हणाला. कुठे बांधू? इतकं स्वच्छ घासलं होतं की जुन्या दोऱ्याची पुसटशी रेघही उरली नव्हती.

हे झालं भावनेचं. कामाच्या बाजूनेही बघा. रिंग काढायची म्हणजे तिच्या पायावरचा दोरा पात्याने कापावा लागतो. कापायचा तो पायाच्या धातूवर. ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवर, पातं टेकवायचं नाही. कार्बनच्या ब्लँकवर नखाएवढा चरा पडला तरी पुढे जोर आला की रॉड तिथूनच मोडू शकतो. म्हणजे प्रत्येक रिंग काढताना पातं त्या ब्लँकजवळून जातं. एक रिंग सांगितली असताना सगळ्या काढल्या, तर तेवढ्या वेळा हा धोका दुसऱ्याच्या वस्तूवर आपण आपल्या मर्जीने घेतला. वरून टोकाकडच्या रिंगांवर इपॉक्सी थापली की तिथलं वजन वाढतं आणि टोक आळशी होतं, झटका मारला की उशिरा सावरतं. मग हा माणूस म्हणत बसतो, हल्ली माझी फेक जात नाही पूर्वीसारखी. फेक कशी जाईल?

बांबूच्या रॉडचं तर विचारूच नका. बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवून केलेले ते षटकोनी जुने रॉड क्वचितच बघायला मिळतात. बांबूचा सगळ्यात चिवट धागा सालीच्या लगेच खाली असतो. 'जरा घासून वार्निश मारतो' म्हणणारा माणूस नेमका तोच घासतो. रॉड दिसायला लग्नातला आणि ताकदीला अर्धा. जुन्या रॉडमध्ये सरस वापरलेला असेल तर ऊब आणि ओल लागली की तो सुटतो, आणि टोकाची रिंग काढायला लायटर घेऊन बसणारे महाभाग मी पाहिलेत.

आता पैशांचं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ७० वं कलम आहे. फुकट करायचा इरादा नसताना कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. एका ओळखीच्या कारागिराने मला हे ऐकवलं होतं, जादा कामाचं बिल लावायचं म्हणून. पण त्याच कलमाखालचं उदाहरण वाचा. व्यापारी चुकून माल दुसऱ्याच्या घरी ठेवून जातो आणि तो माणूस तो आपलाच समजून वापरतो, म्हणून त्याने पैसे द्यायचे. तिथे त्या माणसाला माल न वापरता परत करायची वाट होती. सुकलेली इपॉक्सी गिऱ्हाइकाने खरवडून तुमच्या टेबलावर ठेवायची का? मी वकील नाही, पण बटण लावायला दिलेला शर्ट शिंप्याने कमरेत आवळून दिला आणि शिलाई मागितली, तर तुम्ही द्याल का सांगा.

हात शिवशिवतात हे मलाही कळतं. रिंगच्या पायापाशी दोऱ्याखाली तपकिरी डाग दिसला की खाऱ्या पाण्याने आत गंज धरलाय हे समजतं, आणि तो तसाच ठेवून रॉड परत द्यायचा जिवावर येतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बघायचं सगळं, न सांगता बघायचं. मी आलेला प्रत्येक रॉड आधी गोड्या पाण्याने पुसतो, प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवतो. आतल्या सिरॅमिकला तडा असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात. तसली रिंग विणलेली (ब्रेडेड) दोरी हळूहळू कापते आणि ऐन मोठ्या माशाच्या वेळी ती तुटते. असं काही दिसलं की फोटो काढतो, व्हॉट्सॲप करतो, खाली खर्च लिहितो. 'करा' आलं तर करतो. 'राहू दे' आलं तर राहू देतो, फक्त वहीत लिहून ठेवतो. रील सीट इतकी ढिली असेल की रील पाण्यात जाईल, तर फोन करून जरा आवाज चढवतो. पण हात लावत नाही.

यावर एक बाजू उरते. काही गिऱ्हाइकं म्हणतात, "तुम्हाला दिसलं होतं ना, मग केलं का नाही? विचारायचं काय त्यात!" अशांना मी पुढच्या वेळी आधीच विचारतो की किती रुपयांपर्यंत न विचारता करू. आकडा सांगतात, तो वहीत. मग त्या आकड्याच्या आत मी मोकळा. बऱ्याच जणांचा आकडा ऐकला की कळतं, 'सगळं करा' म्हणताना त्यांच्या मनात किती थोडं असतं.

आता दिवस पावसाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर बांधलेले असतात, गळ टाकून गरवायला बसणाऱ्यांना तसली अडचण नाही, त्यामुळे याच दिवसांत माझ्याकडे रॉड जास्त येतात. आणि हीच हवा इपॉक्सीला सगळ्यात वाईट. ओल असली की थर दुधाळ होतो, चिकट राहतो. तेव्हा हौसेने मारलेला जादा थर या महिन्यांत तर निव्वळ मूर्खपणा.

रॉड घेऊन येणाऱ्यांना एक विनंती. काय करायचं ते तर तुम्ही सांगता, पण कशाला हात लावायचा नाही तेही सांगा. कुठे दोरा, खूण, नाव, खरवडलेला आकडा असेल तर बोटाने दाखवा, मी त्यावर कागदी टेप लावून ठेवतो. रील घरी काढून ठेवा. आणि दुरुस्ती एकाच तुकड्याची असली तरी दोन्ही तुकडे आणा, कारण वरचा तुकडा खालच्यात बसतो की नाही हे मला बघावं लागतं.