निर्बंध शिथिल, फाइल जाड

हे सल्ले २०२२ च्या सुरुवातीचे, कोविडचे प्रवासनिर्बंध सैल होत होते तेव्हाचे. दोन वर्षं घरात बसून तुम्ही जगावर पुरेसे उपकार केलेत. आता परदेश दारं किलकिली करून तुमची वाट बघतोय, तेव्हा स्वस्त तिकिटाची जाहिरात दिसताक्षणी पैसे भरून मोकळे व्हा. प्रवेशाचे नियम तिकीट काढल्यानंतरच वाचायचे असतात. आधी वाचले तर माणूस जातच नाही.

देश निवडताना त्यांच्या याद्या बघा आणि सहल संपेपर्यंत त्या तशाच राहतील असा ठाम विश्वास बाळगा. ब्रिटनने मे २०२१ मध्ये देशांना सिग्नलचे रंग दिले. पोर्तुगाल १७ मेला हिरवा होता. तो हिरवा राहणार नाही हे ३ जूनला जाहीर झालं, आणि ८ जूनच्या पहाटे चारपासून तिथून परतणाऱ्यांना दहा दिवसांचं गृहविलगीकरण लागू झालं. पाण्यात पाय सोडून बसलेली मंडळी तिथूनच परतीचं विमान शोधू लागली. लाल यादीतल्या देशातून येणाऱ्यांची सोय याहून चोख होती: सरकारने ठरवलेल्या हॉटेलात ११ रात्री, ऑगस्ट २०२१ पासून एकट्या प्रौढाला २,२८५ पौंडांत. हॉटेल निवडण्यात तुमचे एरवी दोन दिवस जातात, तेवढे तरी वाचले.

लस घेतली आहे ना? मग कागदावर काय लिहिलंय ते बघत बसू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने कोव्हिशील्डला मान्य लसींत घेतलं, पण भारतात ती घेतलेल्यांना मात्र लसवंत मानलं नाही. बाटली मान्य, टोचलेला दंड अमान्य! ११ ऑक्टोबरला दंडही मान्य झाला. युरोपीय संघाने १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रौढांच्या मूळ डोसांची मुदत प्रवासापुरती २७० दिवस केली होती. मग दुसरा डोस मे २०२१ च्या सुरुवातीला झालेला असेल आणि बूस्टर नसेल, तर प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड सीमेवर लाल दिसायचा. दिवस तुम्ही मोजले नाहीत तरी यंत्र मोजायचं.

आता चाचणी. ‘७२ तास’ वाचलं की वाटायचं, तीन दिवस आहेत, बघू आरामात. हे तास कधीपासून धरायचे? नाकात काडी घातली तेव्हापासून की अहवाल हाती आला तेव्हापासून? आणि कुठवर? विमान सुटेपर्यंत की तिथे उतरेपर्यंत? ज्या त्या देशाचा हिशेब वेगळा, पण बहुतेक देश काडीपासूनच मोजायचे. म्हणून चाचणी बरोबर ७१ तास आधी उरकून घ्या. विमान दोन तास रखडलं की नमुना शिळा. फार उशिरा केलीत तर अहवाल येईल, पण तुमच्या मागून. अमेरिकेत तासांची भानगडच नव्हती. ६ डिसेंबर २०२१ पासून जून २०२२ पर्यंत चाचणी निघण्याच्या दिवशीची किंवा आदल्या दिवशीची लागायची, एवढंच. रात्री ११ च्या विमानाला आदल्या सकाळी ७ ची चाचणी, म्हणजे ४० तास जुनी, बिनदिक्कत चालायची. पण ही सवलत होती, त्यामुळे ती कुणाला ठाऊक नसायची, आणि लोक विमानतळावरच्या महागड्या रांगेत उभे राहायचे.

अहवालावर पासपोर्टचा क्रमांक घालायला सांगू नका. नाव प्रयोगशाळेला ऐकू येईल तसं लिहू द्या. पासपोर्टवर आडनाव आधी, लशीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गायब, अहवालात स्पेलिंग तिसरंच. काउंटरवरच्या बाईंना हे तीन वेगळे प्रवासी वाटतात आणि बोर्डिंग पास एकालाही मिळत नाही.

नुकताच कोविड होऊन गेला असेल तर हमखास आरटी-पीसीआरच करा. विषाणूचे मेलेले अवशेषसुद्धा ती आठवडेच्या आठवडे, कधीकधी तीन महिने पकडत राहते. बरं झाल्याचं प्रमाणपत्र किंवा साधी अँटिजेन चाचणी काही देशांना चालायची म्हणे. पण ते विचारायचं कोणी?

पैसे वाचवायला दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढा. एकाच तिकिटावर सामान आपोआप पुढे जातं, त्यात काय थरार? सुट्या तिकिटांवर बहुधा बॅग घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं. म्हणजे ज्या देशात फक्त कॉफी प्यायची होती, त्याचा व्हिसा, त्याचा फॉर्म, त्याची चाचणी, सगळं आलं. आणि पहिल्या विमानाने उशीर करून दुसरं चुकवलंच, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही.

विमा घ्या, फक्त उघडून वाचू नका. जुन्या पॉलिसींत साथरोग सर्रास वगळलेला असतो. नव्या पॉलिसी कोविडच्या इस्पितळाचा खर्च देतात. मात्र कागद अपुरे म्हणून विमानात घेतलं नाही किंवा ऐनवेळी नियम बदलला, तर बहुधा हात वर करतात. पासपोर्टही तपासू नका. दोन वर्षं कपाटातच तर होता! अनेक देशांना त्यावर सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, हे काउंटरवर कळलं की लक्षात राहतं.

परतीच्या चाचणीसाठी जादा दिवस, जादा पैसे, काही काही ठेवू नका. ती पॉझिटिव्ह आली की मुक्काम आठवडा-दहा दिवसांनी लांबतो. नेमकी तेव्हाच तुमची खोली दुसऱ्या कुणाला दिलेली असते आणि रक्तदाबाच्या गोळ्या परतीच्या तारखेपर्यंतच मोजून आणलेल्या असतात. अशा वेळी पहिला फोन विमान कंपनीला. विमान सुटून गेल्यावर केलात तर ‘नो शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शिक्का, लागतो आणि तिकिटाचे पुढचे टप्पेही जातात. दुसरा फोन विमावाल्यांना, तिसरा ऑफिसात साहेबांना. साहेबांशी बोलताना आवाज थोडा बसलेला ठेवा आणि समुद्राकडची खिडकी लावून घ्या.